ठिपकीची बशी

मिस्त्रींची एक खोड साऱ्या गल्लीला ठाऊक होती. गाडीखाली ओल दिसली की ते उकिडवे बसायचे, त्यात बोट बुडवायचे आणि खुशाल जिभेवर टेकवायचे. फिकं लागलं तर एसीचं पाणी. गोड लागलं तर रेडिएटरमधलं कूलंट गळतंय. मग पचकन थुंकून गिऱ्हाइकाला ऐटीत सांगायचे, "रेडिएटर गेला तुमचा."

"अहो, विष असतं ते!" मिस्त्रीणबाई ओरडायच्या.

"थुंकतो ना? गिळतोय कुठे?" हे ठरलेलं उत्तर.

पुढे गॅरेज, मागे घर, मधे एक दार. त्या दारातून दिवसभर मिरवायची ती ठिपकी, बाईंची मांजर. घरात मूलबाळ नव्हतं, त्यामुळे बाईंचा सगळा जीव तिच्यात. तिच्यापायी फिनेलची बाटली कपाटात गेली, तापाच्या गोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात गेल्या, लिली मांजराला विषारी म्हणून हौसेनं लावलेली तिची कुंडीसुद्धा बाईंनी देऊन टाकली. गॅरेजवर मात्र त्यांची सत्ता चालत नव्हती. "कूलंट उघडं ठेवू नका हं, गोड म्हणून चाटेल ती," एवढं त्या येता-जाता बजावायच्या. म्हणजे मिस्त्रींना सगळं पक्कं माहीत होतं.

एकदा ठिपकीनं गिऱ्हाइकाच्या कोऱ्या सीटला नखं लावली. गिऱ्हाईक चारचौघांत वाट्टेल ते बोललं आणि मिस्त्रींच्या मस्तकात तिडीक गेली. दुसऱ्या दिवशी ठिपकी झिंगल्यासारखी भेलकांडत घरात आली. पाण्याच्या भांड्यातून तोंड वर काढेना.

"ऊन लागलंय. पडू दे निवांत," मिस्त्री म्हणाले. बाईंनी ऐकलं, तिथेच घात झाला.

"कूलंट," जनावरांचे डॉक्टर म्हणाले, तेव्हा तिची मूत्रपिंडं बंद पडली होती. "चाटल्या चाटल्या आणली असती, तर काहीतरी करता आलं असतं हो."

ठिपकीला पुरून आल्यावर बाईंनी गॅरेज पालथं घातलं. तेलाच्या पिंपामागे ठिपकीचीच दुधाची बशी होती. तळाला हिरवट चिकट थर.

"मुद्दाम की चुकून?" बाईंनी विचारलं.

"चुकून गं. सांडलं असेल."

बशीत नेमकं कसं सांडतं, हे बाईंनी विचारलं नाही. बशी घासून त्यांनी स्वयंपाकघरात पालथी घातली. कूलंटचे कॅन कपाटात कोंडून किल्ली कमरेला खोचली. मनात मात्र म्हणाल्या, पाण्यासाठी तडफडशील, मेल्या.

आठवडाही गेला नसेल, मिस्त्रींनी जेवताना तोंडातलं पाणी फर्रकन थुंकलं. "काय घातलंस यात? गोड लागतंय!"

बाईंनी तोच पेला उचलून त्यांच्यासमोर घटाघटा रिकामा केला. साधं नळाचं पाणी होतं. मिस्त्रींनी शेजारच्या घरी पाणी तोंडात घेऊन पाहिलं, दुकानातली सीलबंद बाटली फोडली. सगळीकडे तीच गोडी. गोड लागलं की थुंकायचं, ही जन्माची सवय. घोट घशाखाली उतरेचना. डॉक्टरांनी जीभ तपासली, रक्त तपासलं. काहीच निघालं नाही. नाक दाबून पाजलेलं पाणी पोटात जायचं, पण तहान काही भागायची नाही.

माणूस आठवड्याभरात वाळून काडी झाला. ओठ फुटले. भरदिवसा भेलकांडत चालायला लागला. आणि मधेच काम थांबवून विचारायचा, "पिंपामागे कोण पाणी पितंय गं?"

पहिल्यांदा बाईंना ते वेडाच्या भरातलं बोलणं वाटलं. मग एका सकाळी त्यांनाही ऐकू आलं. लप, लप, लप. त्यांनी वाकून पाहिलं. मागे कोरडी फरशी होती. भीती वाटायला हवी होती, पण बाईंना आतून गारगार वाटलं.

तरी संसार इतक्या वर्षांचा. रोज त्या एकदा विचारायच्या, "मुद्दाम की चुकून?" खरं बोलले असते तर बाईंनी त्यांच्यासाठी पदर पसरला असता. कोणापुढे, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"किती वेळा सांगू? चुकून!" मिस्त्री खेकसायचे, आणि ओठाला नवी चीर पडायची.

त्या दुपारी गॅरेजमधून हाक आली. आवाज लहान पोरासारखा हरखलेला.

"अगं, इकडे ये! मिळालं! फिकं पाणी! गारेगार!"

बाई धावल्या. पिंपामागे मिस्त्री हातापायांवर ओणवे झाले होते. समोर ठिपकीची बशी. काठोकाठ भरलेली.

हिरवी.

बाईंचा हात कमरेला गेला. किल्ली होती. कपाटाला कुलूप तसंच होतं.

बशी त्यांच्या पायापासून वीतभर अंतरावर होती. एक लाथ मारली की संपलं. बाईंनी पाऊल उचललं.

"थांबा. आधी सांगा. मुद्दाम की चुकून?"

मिस्त्रींनी तोंड वर केलं. मिशीवरून हिरवे थेंब ओघळत होते. डोळ्यांत आनंदाचं पाणी होतं.

"चुकून गं. तुझी शपथ."

बाईंनी पाऊल मागे घेतलं.

मिस्त्री पुन्हा बशीवर वाकले. हात न लावता. लप, लप, लप. बशी काही रिती होत नव्हती.

मग दम लागला म्हणून ते थांबले, तोंड वर करून धापा टाकू लागले.

लप, लप, लप. बशीतलं पाणी हलतच होतं.