मोठीच्या हातचं मीठ

पहिला चमचा तोंडात गेला आणि शेजारचे घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी डोळे मिटून म्हणाले, "वहिनी, आज तुमचा हात परत आला बरं का."

टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांनी जणू एकदमच सुटकेचा श्वास टाकला. नणंदेने मान डोलावली, धाकट्या दिराने वाडगा रिकामा करून पुन्हा पुढेही केला, आणि घरातल्या या थोरल्या सुनेच्या, मोठीच्या हातातला डाव मात्र पातेल्याच्या काठाशी तसाच अडकून राहिला... कारण त्या दिवशी तिने त्या सुपात मिठाचा एक कणसुद्धा घातला नव्हता!

तिने हळूच एक घोट घेतला. खरंच, मीठ होतं. तिच्या जिभेला तर जरा जास्तच वाटलं. मग हे आलं कुठून?... कुणाच्या हातून?... आणि तिच्यापासून लपवून का? ती हसली, सगळ्यांना वाढत राहिली, पण संशयाचं एक बारीक कुसळ त्या क्षणी तिच्या काळजात शिरलं, ते शिरलंच.

या पातेल्याची रीत आधी नीट सांगायला हवी. एकाच गल्लीत या भावंडांची चार घरं. सासूबाई असताना त्यांनी एक सोपी युक्ती काढली होती. रविवारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं, पण एकाच बाईची कंबर मोडायची नाही. एक मोठं पातेलं घराघरांतून फिरवायचं आणि प्रत्येकाने आपल्याला सहज जमेल तेवढीच भर घालायची. सकाळी नणंद कांदा परतून, डाळ शिजवून ते पुढे पाठवी. मधल्या दिराच्या घरी त्यात उकडलेले बटाटे आणि गाजरं पडत. मग धाकट्या जावेकडे पालेभाजी आणि लसूण. शेवटी पातेलं मोठीकडे येई. ती ते मंद आचेवर एकजीव करी, मीठ घाली, आणि चारही घरं, शिवाय वास येऊन जो कुणी दारात डोकावेल तो स्नेही-शेजारी, तिच्याच टेबलावर जेवे. नियम एकच होता. मीठ शेवटच्या घराने घालायचं, बाकी कुणी बरणीला हात लावायचा नाही.

आणि मोठी मीठ घाली ते चव न घेता! सासूबाईंनी स्वतः शिकवलेला तो हात. तळहातावर घ्यायचं, बोटं मिटायची आणि सोडून द्यायचं. नवरा गेल्यापासून तर या कुटुंबात आपलं म्हणून तिच्यापाशी तेवढंच उरलं होतं. मुलंबाळं नाहीत, घरात बोलायला कुणी नाही. पण रविवारी चारही घरांचं जेवण तिच्या मुठीवाचून पुरं होत नाही, या एका जाणिवेवर तिचा उरलेला आठवडा तरून जाई.

आणि तोच मान आता डळमळू लागला होता. गेले काही महिने सूप कधी खारट होई, कधी अगदी अळणी. धाकटा दीर बसवर ड्रायव्हर होता, त्याची जीभही बसइतकीच मोकाट. तो म्हणे, वहिनींच्या मिठाचं आमच्या बससारखं झालंय, कधी दोन एकदम, कधी एकही नाही. सगळे हसत, मोठीही हसे आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडे. मग नणंदेने गोड आवाजात विषय काढला होता, की वय होतं, हाताचा भरवसा राहत नाही, तेव्हा मिठाचं काम आता धाकटीकडे द्यावं आणि वहिनींनी नुसतं आरामात बसून जेवावं.

नुसतं बसून जेवावं... म्हणजे आपल्याच घरात पाहुणं व्हावं!

म्हणून तिने ती परीक्षा घेतली होती. एका रविवारी मीठच घालायचं नाही आणि काय होतं ते बघायचं. आता उत्तर तिच्यासमोर होतं. हात तिचा चुकत नव्हता. कुणीतरी तिच्याआधी मीठ घालत होतं, आणि ते तिला खोटं पाडण्यासाठीच!

तो सगळा आठवडा तिने मनातल्या मनात एकेका घराची झडती घेतली. नणंदेकडे भाजी निवडायला म्हणून गेली आणि बोलता बोलता खडा टाकून पाहिला. नणंदेने शपथ घेतली, वर आणखी म्हणाली की मला कशाला विचारता, पातेलं सर्वांत जास्त वेळ कुणाच्या घरी रेंगाळतं ते बघा. मधल्यावर संशय घ्यायचं तर तिच्या मनातही आलं नाही. तो सुतार माणूस, मितभाषी. बायको वारल्यापासून त्याने पातेल्याकडे पाठच फिरवली होती. कितीतरी रविवार ते त्याचं घर वगळूनच पुढे जाई. आता कुठे तो स्वतः बटाटे उकडू लागला होता, तेही रंध्याने तासल्यासारखे चौकोनी कापून.

उरली धाकटी... शिवणकाम करणारी, खाली मान घालून बोलणारी धाकटी. मोठीला एकेक गोष्ट आठवू लागली. आपण मीठ घालताना ती कशी टक लावून बघते, पहिला घास घेतल्यावर सगळ्यांचे चेहरे कशी चोरून न्याहाळते, पातेलं पाठवताना त्यावर झाकण किती घट्ट बसवते... हीच ती! जिला आपण लग्न होऊन आल्यावर कांदा कसा चिरायचा ते हात धरून शिकवलं, तीच आज आपला हात धरून आपल्याला उठवू बघते!

पुढच्या रविवारी बाही उसवलेलं एक झंपर हातात घेऊन ती धाकटीच्या घरी गेली. दार उघडंच होतं. शिवणयंत्रापलीकडे स्वयंपाकघर दिसत होतं. धाकटीने पालेभाजी पातेल्यात सोडली, खिडकीतून गल्लीत एक नजर टाकली, मग फळीवरची बरणी काढली, तळहातावर मीठ घेतलं, बोटं मिटली... अगदी मोठीने शिकवलेल्याच पद्धतीने... आणि सोडलं!

मोठी उंबरठ्यावरूनच परत फिरली.

त्या दुपारी सगळे जमले. पाव कापून झाला, वाडगे मांडून झाले, पण मोठीने डाव खाली ठेवला.

"वाढायच्या आधी एक विचारायचंय," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "काय गं, आज या पातेल्यात मीठ कुणी घातलं?"

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. "मी घातलं, ताई."

"आणि मागच्या रविवारी?"

"तेव्हाही मीच."

नणंदेने टाळी दिल्यासारखा हात टेबलावर आपटला. म्हणाली, "कपडे उसवून पुन्हा शिवायची सवय हिला, म्हटलं असेल माणसांवरही हात चालवून बघू." धाकट्याने बायकोचं मनगट धरलं, का केलंस ते सांग म्हणून तो विनवू लागला, त्याची नेहमीची थट्टा कुठल्या कुठे पळाली होती. पण ती एवढंच पुटपुटली, की चुकलं माझं, पुन्हा नाही होणार.

"चूक कशी म्हणू मी?" मोठी म्हणाली, आणि इतके दिवस आवरलेलं सगळं तिच्या डोळ्यांत दाटून आलं. "रस्त्यावर नजर ठेवून केलेल्या गोष्टीला चूक म्हणत नाहीत. माझा मान हवा होता तर मागायचास गं... दिला असता मी. पण चारचौघांत माझ्या हाताचं हसं करायला नको होतंस."

धाकटीने मान वर केली नाही. ती उठली आणि रिकामे वाडगे गोळा करू लागली, जणू सगळ्यांचं जेवण होऊन गेलं होतं.

तेवढ्यात मधला बोलला. "वहिनी, मीही घालतो मीठ."

नणंद म्हणाली, "तू? तुला मिठाची बरणी कुठली ते तरी ठाऊक आहे का?"

"ती जायच्या आधी दाखवून गेली."

"भाऊजी, नका सांगू." धाकटी वळली होती. इतका वेळ एक अश्रू न ढाळलेली ती बाई आता रडत होती. मधला काय सांगणार आहे ते तिला त्या एका वाक्यात उमगलं होतं.

"आता गप्प कसा राहू, पोरी? सगळं तुझ्या अंगावर आलंय," तो म्हणाला, आणि मग थांबत थांबत, लाकडाचा कस बघून छिन्नी चालवावी तसा एकेक शब्द शोधत त्याने सगळं सांगितलं.

थोरल्याला, मोठीच्या नवऱ्याला, डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण त्याला एकट्याला अळणी गिळताना पाहून मोठीनेही त्याच दिवशी आपल्या ताटातलं मीठ सोडलं, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. माहीत होतं ते फक्त मधल्याच्या बायकोला, मधलीला. ती एकदा अवेळी आली होती, मोठीच्या वाटीतलं थोडं चाखलं होतं आणि काही न बोलता निघून गेली होती. वर्षं सरली तशी मोठीची जीभ त्या चवीला सरावली आणि जिभेमागोमाग तिची मूठही आखडत गेली. रविवारचं सूप अळणी होऊ लागलं. तेव्हापासून मधली बटाटे उकडताना त्यात कमी पडणारं मीठ घाली. मरेपर्यंत घालत राहिली.

"मला म्हणाली, वहिनींना कळता कामा नये," मधला सांगत होता. "त्यांनी दादासाठी मीठ सोडलं ते काही दवंडी पिटून सोडलं नव्हतं. मग आपण ते चारचौघांत त्यांना का दाखवायचं, म्हणाली."

पुढचं धाकटीला सांगावं लागलं. मधली गेल्यावर पातेलं तिचं घर वगळून जाऊ लागलं, तेव्हा सूप एकाएकी बेचव झालं. नणंदेच्या कपाळावरची आठी धाकटीने पाहिली आणि पुढच्या रविवारपासून ती आपल्या घरी गुपचूप मूठ सोडू लागली. मग काही महिन्यांनी मधला परतला, तोही बायकोला दिलेल्या शब्दासाठी मूठ सोडू लागला. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही! सूप खारट झालं की दोघंही मनाशी म्हणत, वहिनींचा हात सुधारला, आता आपण थांबावं... आणि दोघंही थांबत. मग सूप अळणी. मग दोघंही घाईघाईने पुन्हा घालत.

"एका भिंतीवर दोन घड्याळं," घड्याळजी हलकेच म्हणाले, "आणि दोन्ही तिसऱ्याकडे बघून लावलेली." पण कुणी हसलं नाही. नणंद पदराच्या टोकाशी चाळा करत बसली होती.

मोठीने आपली मूठ उघडून बघितली. ज्या हाताचा तिला एवढा अभिमान, तो हात इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मुठींच्या आधाराने उभा होता!... आणि ती मधली, जी कधी एका शब्दाने बोलली नाही, तिच्या आजारपणात आपण तिच्या उशाशी बसून औषधं दिली आणि मनात म्हटलं, बिचारीसाठी आपण किती करतो... आता ते ऋण फेडायला ती कुठे भेटणार होती?

पण जी भेटू शकत होती ती एव्हाना गोळा केलेले वाडगे घेऊन आत मोरीशी उभी होती. मोठी आत गेली. धाकटी पाठमोरीच होती, नळ नुसता वाहत होता.

"इकडे बघ माझ्याकडे."

"ताई, तुम्ही काही बोलू नका."

"बोलू दे मला. तुझ्या दारात उभं राहून मी सगळं पाहिलं, पण आत येऊन विचारायला जीभ उचलली नाही. सरळ सगळ्यांसमोर तुला उभं केलं." मोठीने नळ बंद केला. "आत येऊन विचारलं असतं, तर खरं सांगितलं असतंस?"

धाकटीने नाक पुसलं. "नाही. खोटंच सांगितलं असतं."

आणि मोठीला रडता रडता हसू फुटलं. तिने त्या ओल्या हातांसकट धाकटीला जवळ घेतलं आणि इतक्या वर्षांत कधी न मागितलेली क्षमा तिच्या केसांत तोंड लपवून मागितली. बाहेर सूप निवत होतं. कुणी ते वाढून घेतलं नाही, दोघी परत येईपर्यंत सगळे तसेच बसून राहिले.

त्याच्या पुढच्या रविवारी पातेलं मोठीच्या शेगडीवर चढलं, तेव्हा तिने धाकटीला बोलावून घेतलं. धाकटी बरणीला हात लावायला तयार होईना. म्हणाली, मान तुमचा आहे, मी नुसती चव सांगते. "मान जिभेसकट असतो गं," मोठी म्हणाली, "आणि माझी जीभ मी तुझ्या थोरल्या दिरांना देऊन बसले. ती काही मला परत नकोय." तिने आधी एक वाडगाभर सूप बिनमिठाचं वेगळं काढलं आणि मग बाजूला सरकून धाकटीला जागा करून दिली.

टेबलावर तिने तो वाडगा सगळ्यांसमोर आपल्यापुढे ठेवला. आपण अळणी जेवतो, बारा महिने जेवतो, आणि आपल्याला तेच गोड लागतं, हे तिने लपवाछपवी न करता सांगून टाकलं. नणंदेने पावाचा मऊ तुकडा तिच्याकडे सरकवला. मधला मात्र त्या वाडग्याकडे बघत राहिला होता.

"वहिनी, चाखू का?"

तिने वाडगा पुढे केला. त्याने एक चमचा घेतला.

"दादा हे जेवायचा? रोज?"

"रोज."

"कुरकुरायचा नाही?"

"सुरुवातीला खूप. ताट सरकवून उठून जायचे. मग मी समोर तेच घेऊन बसायला लागले, तेव्हापासून नाही."

मधल्याने आणखी एक चमचा घेतला, सावकाश, मग आणखी एक. आपला भरलेला वाडगा त्याने धाकट्याकडे सरकवला आणि रिकामा उचलून मोठीपुढे धरला.

मोठीने आपल्यातलं अर्धं सूप त्यात ओतलं.