आखाजीची दुसरी घागर

समाधानला एक घाण खोड होती. घरी कुणी व्यापारी आला की चहाच्या आधी तो पोरीला हाक मारायचा.

"दिपू, ये इकडं. काकांना उघडून दाखव."

आणि तिच्या हातात ॲसिडची बाटली द्यायचा.

दिपमाला चौथ्या वर्षातली. खाली बसायची, बाटली मांडीत धरायची आणि दोन्ही हातांनी झाकण फिरवायची.

कट… कट… कट…

झाकण नुसतं गोल फिरायचं. ते दाबून फिरवल्याशिवाय उघडत नाही, आणि तेवढा जोर लेकराच्या हातात नसतो. व्यापारी हसायचा. समाधान छाती काढून म्हणायचा, "माझ्या पोरीला उघडत नाही, तर कोणाच्या पोराला उघडणार?"

त्याची आई कुंदाबाई आतून करवादायच्या. "पोरगी हाये का मदाऱ्याचं माकड? जहराची बाटली कशाले देतो रे तिले खेळायले?"

"आई, उघडतच नाही ती."

हे सगळं घडलेलं आहे. ज्याला करमणूक वाटत असेल त्याने आखाजीच्या भर दुपारी जळगावच्या एमआयडीसीत जावं आणि त्या बंद शेडच्या शटरला कान लावावा.

एकट्यानं.

शेड समाधानची. मोरी तुंबली की ओततात ते ॲसिड तिथे बाटल्यांत भरलं जायचं. बाटल्या पट्ट्यावरून रांगेनं यायच्या, नळीखाली थांबायच्या, भरून पुढे सरकायच्या. वरून झाकण पडायचं आणि मशीनचा पंजा ते दाबून आवळायचा. माणसाचा हात कुठे लागत नाही, ही समाधानची फुशारकी. झाकण दोन कवचांचं, एकात एक. आतलं आवळलेलं राहतं, वरचं नुसतं फिरतं. कट कट वाजतं ते त्यामुळेच.

कुंदाबाईंना सहीपुरतं लिहिता यायचं. पण माणूस त्या बरोबर वाचायच्या. निदान तसा त्यांचा तोरा होता.

गेल्या होळीनंतर दिपू मोरीत सापडली.

बाटली आडवी. झाकण बाजूला.

दवाखान्यात तिचा आवाज गेला होता. ती नुसता अंगठा ओठांना लावायची. पाणी. घसा असा जळलेला की डॉक्टरांनी थेंबसुद्धा द्यायचा नाही म्हणून बजावलं होतं. मोहिनी, तिची आई, ओला बोळा मुठीत धरून बसली होती आणि तो ओठांना लावता येत नव्हता.

अंगठा ओठांवर ठेवूनच पोर गेली.

समाधान दवाखान्याच्या पायरीवर म्हणाला, "बेबाबाईनं झाकण उघडं टाकलं."

बेबाबाई घरची मोलकरीण. साक्रीकडची, अहिराणी बोलणारी. ती कुंदाबाईंच्या पायाशी बसली.

"अक्का, मी झाकण लायेल व्हतं. आवळीसन लायेल व्हतं. मना देव साक्षी शे."

"शे शे करू नको माह्यासमोर," कुंदाबाई म्हणाल्या. "लावलं व्हतं तं उघडलं कोनं? भुतानं?"

त्यांनी तिचं गाठोडं रस्त्यावर फेकलं. सगळ्या कॉलनीत सांगितलं. बेबाबाईला पुन्हा कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. लेकरू मारणारी म्हणून ती साक्रीला परत गेली. मोहिनी चोपड्याला माहेरी गेली, ती आलीच नाही.

मग आखाजी आली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात घरोघर घागर भरतात. मातीची नवी घागर, वर खरबूज, शेजारी आंबा आणि सांजोऱ्या. गेलेल्या माणसाच्या नावानं पाणी. दिपूची ही पहिलीच आखाजी, आणि घागरीला बापाचा हात लागायला हवा होता.

बाप सकाळीच शेडवर निघून गेला.

सणाला कामगार सुट्टीवर, मशीन बंद, आणि हा तिथे कशाला? कुंदाबाईंचं डोकं भणाणलं. त्यांनी लहान घागर तोंडापर्यंत भरली, पांढऱ्या फडक्यानं तोंड गच्च बांधलं आणि ती मांडीवर घेऊन रिक्षात बसल्या. तो येत नाही तर घागर जाईल.

ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नाही. शटर अर्धं वर होतं. कुंदाबाई वाकून आत गेल्या आणि घागर दाराशीच ठेवली.

समाधान पट्ट्यापाशी एकटा उभा होता. समोर बाटल्यांची रांग. तो जुनी लेबलं ओली करून काढत होता, नवी चिकटवत होता.

"पोरीले पानी द्याले वेळ नही तुले," कुंदाबाई म्हणाल्या, "आन लेबलं चिटकवाले हाये?"

तो दचकला. "परत आलेला माल आहे, आई. उद्या गाडी साक्रीच्या बाजाराला जाते. तू घरी जा, मी येतो."

"पानी दे. मंग जाते."

तेवढ्यात…

कट.

कुंदाबाई थांबल्या. मेन स्विच खाली होता. पंखासुद्धा बंद.

कट… कट…

"उन्हानं प्लॅस्टिक ताणतं," समाधान पटकन म्हणाला.

"ताणलं तं एकडाव वाजंन. हे थांबू थांबू वाजू राह्यलं."

आवाज पट्ट्याच्या त्या टोकाकडून येत होता. कुंदाबाई दोन पावलं पुढे गेल्या. पहिल्या बाटलीचं झाकण फिरत होतं. हळूहळू, अर्धा वेढा, थांबून परत अर्धा वेढा. दोन लहान हातांनी फिरवावं तसं.

कट… कट… कट…

थांबलं.

मग शेजारच्या बाटलीचं सुरू झालं.

कट… कट…

तेही थांबलं. मग तिसरं. एकेक बाटली करत आवाज त्यांच्याकडे सरकत होता. कुणी तरी रांगेतली प्रत्येक बाटली धरून बघत होतं. घाई नव्हती. खेळ चालल्यासारखं.

कुंदाबाई हलल्या नाहीत. समाधानकडे पाहिलं. त्याचे डोळे आवाजावर नव्हते. आवाजाच्या पुढच्या बाटलीवर होते.

कट… कट…

थांबलं.

पुढच्या बाटलीचं झाकण फिरलं…

आवाज आला नाही.

झाकण मुकाट्यानं फिरत होतं. वर येत होतं.

"ती नको," समाधान ओरडला. "दिपू, ती नको, बेटा."

झाकण सुटलं. फरशीवर पडलं, गडगडत कुंदाबाईंच्या पायाशी आलं आणि आडवं झालं.

त्यांनी ते उचललं. एकच कवच. आत दुसरं काही नाही. लोणच्याच्या बरणीला असतं तसलं साधं झाकण, फक्त रंग तोच.

त्यांनी आतून बोट फिरवून पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, "ती उघडते, हे तुले कसं ठाऊक?"

त्याने हातातलं लेबल चुरगाळलं.

"समाधान. झाकन पडाच्या आंधी तू वरडला."

"लॉटच्या मधेच दोन कवचांची झाकणं संपली होती," तो खाली बघत म्हणाला. "माल अडला होता. मशीनला काय, दोन्ही झाकणं सारखीच. उरलेल्या बाटल्यांना साधी लावली. एकच लॉट केला, आई. एकच. त्यातली एक चुकून घरी आली."

"चुकून."

"मला नंतर समजलं."

"कवा? दवाखान्याच्या पायरीवर?"

कुंदाबाईंनी झाकण मुठीत आवळलं.

"म्हंजे बेबाबाईनं लावलं व्हतं. आवळून लावलं व्हतं."

"तिचं नाव नसतं घेतलं तर शेड गेली असती, आई."

"आन हे?" कुंदाबाईंनी रांगेकडे बोट केलं. "हा तोच लॉट ना? साक्रीच्या बाजारात कोनाच्या पोरीसाठी धाडतो?"

 त्याच वेळी दाराकडून एक आवाज आला. तहानलेलं लेकरू तांब्या तोंडाला लावून एका दमात पितं आणि मग श्वास घेतं…

तसा.

कुंदाबाई घागरीपाशी गेल्या. फडकं तसंच बांधलेलं. गाठ त्यांचीच. घागर उचलली आणि हात हलकाच वर आला.

गाठ सोडली. आत कोरडं. खालची फरशी कोरडी.

फडक्यावर मधोमध एक ओला डाग होता. चिमुकल्या ओठांएवढा.

त्या दुपारी कुंदाबाईंनी तिथूनच पोलिसांना फोन लावायला सांगितला, आणि समाधाननंच तो लावला. का लावला, त्यालाही सांगता येत नाही. आता शेडला सील आहे. तो जामिनावर घरी असतो. नळाखाली ओंजळ धरून पाणी पितो, कारण बाटलीला हात घातला की मागून कट कट सुरू होतं. बाटली स्टीलची असली तरी. कुंदाबाईंना ते ऐकू येतं. शेजारच्यांना येत नाही. पोर पाणी पिऊन तृप्त झाली, तर मग आता बाटल्या कोण तपासतं? हे कुंदाबाई कुणाला विचारत नाहीत.

बेबाबाईला त्यांनी साक्रीला फोन केला होता. सगळं सांगितलं. पलीकडून एवढंच आलं, "माले माहीत व्हतं, अक्का. तुमले आते माहीत पडनं." आणि फोन कट.

पण त्या संध्याकाळचं राहिलं.

समाधान चौकीवरून परत आला तेव्हा सणाचं ताट तसंच होतं. कॉलनीतल्या बाया दारात जमल्या होत्या. पाटावर दिपूची रिकामी घागर, तिच्यावर खरबूज. शेजारी दुसरी घागर. मोठी, नवी, काठोकाठ भरलेली.

"ही कोणाची?" समाधाननं विचारलं.

कुंदाबाईंनी दुसऱ्या घागरीवर खरबूज ठेवलं. हळद-कुंकू वाहिलं. हात जोडले. मग लेकाकडे वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"दिपूचं पानी झालं. हे तुह्यं."