वर्तुळाबाहेरच्या सतरा रेघा

पृथ्वी जिन्यावरून गडगडत खाली आली आणि थेट तिच्या चपलेपाशी थांबली. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. तिच्या एका हातात निथळती छत्री होती आणि काखेत कागदांची भेंडोळी. पृथ्वीमागोमाग एक तरुण धावत आला. त्याचे दोन्ही हात ओल्या रंगानं मनगटापर्यंत निळे होते.

"तुम्हाला लागलं तर... म्हणजे मी—"

एवढं बोलून तो थांबला. तीही थांबली.

"पुढे?" तिनं विचारलं.

"पुढे काही नाही," तो ओशाळला. "इथवर येईपर्यंत कोणीतरी तोडतंच. त्यामुळे पुढची तयारीच नसते."

ती हसली. कामावर असताना हसायचं नाही असा तिचा नियम होता. पण काम दहाला सुरू होणार होतं आणि आत्ता पावणेदहाच झाले होते.

माणसं एकत्र बसली की कशी बोलतात, हे कोपऱ्यात बसून टिपायचं आणि नंतर त्यांचं त्यांना दाखवायचं, हा तिचा व्यवसाय. घरी चार मावश्या होत्या आणि त्या घरात वाक्य पुरं झाल्याची एकही नोंद नव्हती. शिक्षण तिथेच झालं म्हणायचं.

कारखाना शाळांसाठी पृथ्वीगोल बनवणारा. त्याच्या रचना विभागात चौघं: समुद्र रंगवणारे रंगारीकाका, छपाई तपासणाऱ्या ताई, गोल आसावर बसवणारे मामा, आणि जिन्यातला तो नकाशावाला. या चौघांनी नुकतेच दोन हजार गोल बाहेर धाडले होते आणि त्यांवर एकच बेट दोनदा छापलेलं होतं. नकाशावाल्याला ते आधीच दिसलं होतं. छपाईपूर्वीच्या बैठकीत तो "ते एक बेट—" असं म्हणालाही होता; पण तेवढ्यात समुद्राच्या निळ्यावरून जुंपली, मग चहा आला, मग सगळे उठले.

मालकांनी तिला बोलावून सांगितलं, "तीन बैठका घ्या. तेवढ्यात यांना बोलायचं वळण लागलं तर ठीक. नाहीतर विभाग बंद, गोल बाहेरून तयार आणू."

तिची पद्धत सोपी होती. कागदावर वर्तुळ काढायचं, त्यावर माणसागणिक एक ठिपका. जो ज्याच्याकडे बघून बोलला, त्याच्याकडे रेघ. मध्येच तोडलं तर रेघेवर काट. बैठक संपली की आधी प्रत्येकानं स्वतःला दहापैकी गुण द्यायचे, आणि पुढच्या बैठकीत तक्ता भिंतीवर लावायचा.

पहिल्या दिवशी चौघांनीही स्वतःला नऊ-नऊ दिले. तक्त्यावर एकसष्ट रेघांवर काट निघाली.

"हे तोडणं नव्हे," रंगारीकाका म्हणाले. "त्याला बोलायला वेळ लागतो, म्हणून मी हातभार लावत होतो."

"हातभार कसला काका, तुम्ही तर अख्खं ओझंच पळवलंत!" ताई म्हणाल्या.

म्हणून दुसऱ्या बैठकीला तिनं दोन नियम घातले. हातात छोटा पृथ्वीगोल असेल त्यानंच बोलायचं. आणि आपलं बोलण्याआधी मागच्याचं म्हणणं त्यालाच सांगून विचारायचं, 'बरोबर समजलो का?' काकांनी पहिली पंधरा मिनिटं पृथ्वी सोडलीच नाही, हे खरं. पण नंतर गाडी रुळावर आली. नकाशावाला वीस वेळा बोलला. अडखळत, पण शेवटपर्यंत.

घोटाळा झाला तो तक्ता पक्का करताना. त्याच्या वीस रेघांपैकी तीन काकांकडे जात होत्या. बाकीच्या सतरा वर्तुळ ओलांडून कोपऱ्यात... जिथे ठिपका नव्हता, जिथे ती बसली होती.

तिचे कान गरम झाले. सहा वर्षांच्या कामात तिनं एक रेघ खोडली नव्हती. त्या दुपारी तिनं सतरा खोडल्या.

तिसऱ्या बैठकीला मालक स्वतः दारात उभे. पण चौघांनी बारा मिनिटांत निकाल लावला: प्रत्येक शाळेला निळ्या कागदाचा तुकडा पाठवायचा, जादा बेटावर चिकटवायला, आणि यापुढे नकाशा चौघांच्या हातून गेल्याशिवाय छपाई नाही. निळा कोणता, यावर काका फक्त एकदा बोलले.

"चालू राहू द्या विभाग," मालक म्हणाले आणि गेले. मामांनी एवढा सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागद हलले.

मग ताईंनी भिंतीवरच्या दुसऱ्या तक्त्याला नाक लावलं. "हा परवा वीसेक वेळा बोलला. इथे रेघा तीन. बाकीच्या कुठायत? एक बेट सुटलं माझ्या नजरेतून, बाई. पुन्हा नाही सुटायचं काही."

खोटं बोलायचं म्हटलं तर बोलता आलं असतं. तिनं कच्चा कागद काढून शेजारी लावला.

"मी खोडल्या," ती म्हणाली. "तुमच्यासमोर खरं ठेवणं हे माझं काम होतं. ते मी केलं नाही. मालकांना कळवायचं असेल तर—"

सतरा रेघा एका कोपऱ्याकडे धावत होत्या. सगळ्यांनी कागद पाहिला, मग कोपरा, मग नकाशावाला. तो कानापर्यंत लाल झाला होता.

"मालकांचं नंतर बघू," मामांनी छोटी पृथ्वी उचलून त्याच्या हातात ठेवली. "बोल."

"मला... म्हणजे... त्या दिवशी जिन्यात..."

काकांचं तोंड उघडलं. त्यांनी स्वतःच त्यावर हात दाबला. अर्धी मिशी निळी झाली. चहा आला. कोणी हललं नाही.

"तुम्ही थांबलात," तो तिला म्हणाला. "माझं पुढे काय, ते ऐकायला. तेव्हापासून मला पुढचं सुचायला लागलं... आणि जे सुचतं ते तुम्हालाच सांगावंसं वाटतं. ही शेवटची बैठक आहे. ती शेवटची नसावी. एवढंच... झालं माझं."

त्याचं वाक्य पुरं झालं होतं. त्याचा त्यालाच विश्वास बसेना.

तिनं हात पुढे केला. त्यानं पृथ्वी दिली. देताना बोटांना बोटं लागली, आणि दोघांनीही ती काढायची घाई केली नाही.

"तुमचं म्हणणं असं," ती म्हणाली, "की मी ऐकत राहावं... आणि तुम्ही सांगत राहावं. बरोबर समजले का?"

"थोडं राहिलं."

"काय?"

"मला तुम्ही आवडता."

"ते टिपलं होतं मी. सतरा वेळा." आता ती हसली, कामावर असूनसुद्धा. "आमच्या घरी चार मावश्या आहेत. तिथे तुमचं एक वाक्य पुरं होणार नाही. चालेल?"

"उरलेलं घरी जाताना वाटेत सांगेन. तुम्ही असाल ना?"

तिनं पेन्सिल घेतली, कच्च्या कागदाच्या कोपऱ्यात एक ठिपका काढला आणि तिथून त्याच्या ठिपक्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली.

काकांनी मिशीवरचा हात काढला. "आता बोललं तर चालेल?"

"बोला, काका."

"आजच्या बैठकीला दहापैकी आठ. दोन कापले... चहा गार झाला."