मांबा कोण खातं?

"माकडं इत्सुकीच्या देशातही आहेत," झिवाने ग्रुपवर लिहिलं. "आणि झाडांची बाग बघायला कुणी अर्धी पृथ्वी ओलांडून येत नाही. तुझा बेत टाक कचऱ्यात."

नाब्बोसाने दात-ओठ खात उत्तर दिलं, "मग तू सांग, शहाण्या. कंपालाच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्यावरून खालीवर करायचं?"

तेवढ्यात ओसाकाहून इत्सुकीचा संदेश आला. "भांडू नका. मला बुल्वे बघायचाय. फक्त बुल्वे."

भांडण तिथेच मिटलं. निदान त्या दिवसापुरतं.

तिघांची ओळख पक्ष्यांच्या फोटोंवरून झालेली. तेरा वर्षांची नाब्बोसा एंटेबेची, तिच्याहून वर्षाने मोठा झिवा कंपालाचा आणि सगळ्यांत लहान इत्सुकी जपानचा. रोज फोनवर बोलायचे, पण एकमेकांना प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. आता इत्सुकीचे वडील कामासाठी युगांडात येणार होते आणि सुट्टी असल्यामुळे तोही सोबत येत होता. त्याला वेड एकाच पक्ष्याचं. बुल्वे म्हणजे दहा वर्षांच्या मुलाएवढा उंच, राखाडी रंगाचा आणि चोच अशी, की जुना बूटच तोंडाला बांधलाय. एंटेबेपासून दोन तासांवरच्या नाकिगा दलदलीत त्याचं घरटं होतं, त्यात एक पिल्लूही होतं. नाब्बोसाने तिथेच न्यायचं ठरवलं. न्यायचं कबूल केलं तिच्या लुबेगामामांनी, कारण टॅक्सी त्यांची होती.

भेट मात्र कुणाच्याच मनासारखी झाली नाही.

"फोटोत उंच दिसायचास," नाब्बोसा झिवाला म्हणाली.

"फोटोत तू गप्प असायचीस," तो म्हणाला.

इत्सुकीने दोघांना कमरेत वाकून नमस्कार केला, तसा झिवाने टॅक्सीखाली डोकावून विचारलं, "याचं काही पडलंय का?"

इत्सुकीचे कान लाल झाले. नाकिगा येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला. नाब्बोसाने झिवाला कोपराने ढोसलं, झिवाने तिला परत ढोसलं आणि मामांनी रेडिओचा आवाज वाढवला.

नाकिगाच्या धक्क्यावर त्यांचं स्वागत केलं ते चिखलाने. पालथ्या घातलेल्या होड्यांवर बसलेल्या नावाड्यांपैकी एकाने वल्हं असं आपटलं, की तिघांच्याही कपड्यांवर शिंतोडे उडाले. कुणी माफी मागितली नाही. उलट दोघं हसले.

मोठ्यांना भेटताना करतात तशी नाब्बोसा गुडघे टेकून म्हणाली, "आम्ही बुल्वे बघायला आलोय. होडी मिळेल का?"

"नाही मिळणार." बोलणारा माणूस रुंद खांद्यांचा होता, डोक्यावर स्वच्छ पांढरी टोपी होती. नावाड्यांच्या संघाचा तो प्रमुख, मुबिरू. "पक्ष्याचं पिल्लू मेलं. तुमच्यासारखे फोटोवाले घरट्याजवळ गोंगाट करतात. पिल्लू घाबरून पाण्यात पडलं आणि घोरपडीने खाल्लं. आता दलदल बंद. परत फिरा."

"आम्ही तर पहिल्यांदाच येतोय," नाब्बोसा म्हणाली.

"सगळे पहिल्यांदाच येतात," शेजारून एक बाई कडाडली. ती नाल्वोगा. पुढ्यात बादल्या मांडून मासे विकत बसली होती. "फोन नाचवता नि जाता. आम्ही इथे काय खायचं? पाहुणे नाहीत तर होड्या नाहीत. होड्या नाहीत तर चूल नाही. ऊठ, माझ्या माशांवर सावली पडतेय."

झिवाला वाटलं, आपण गोड बोलून काम काढू. मुबिरू हे नाव ऐकूनच त्याने कूळ ओळखलं होतं. तो पुढे झाला. "काका, मी झिवा. मीही मांबा कुळाचा. म्हणजे तुम्ही माझे वडीलच की."

"माझी पोरं कामं करतात," मुबिरू म्हणाला. "परदेशी पोरांच्या मागे शेपट्या हलवत फिरत नाहीत."

नावाडी खदाखदा हसले. झिवाचा चेहरा पडला. मदतीच्या आशेने नाब्बोसाने मामांकडे बघितलं, तर मामांनी जांभई दिली. "नाही म्हणतायत ना? झालं तर मग. मी जरा डोळा लावतो. तासाभराने निघू." ते गेले, टॅक्सीची सीट मागे पाडली आणि तोंडावर वर्तमानपत्र घेतलं.

तिघं एका झाडाखाली बसली. नाब्बोसाने आणलेली चपाती-ऑम्लेटची गुंडाळी कागदातच राहिली.

"मी म्हटलं होतं, मॉलच बरा," झिवा पुटपुटला.

"आधी त्या 'काकां'ना मॉल दाखव," नाब्बोसा फणकारली.

इत्सुकीने दोघांकडे पाहिलं. तुटक इंग्रजीत तो म्हणाला, "तुम्ही फोनवर बरे होता."

झिवा मुद्दाम दुसरीकडे बघू लागला, आणि म्हणूनच त्याला ते दिसलं. मुबिरू नाल्वोगाच्या बादलीतून मासे निवडत होता. लांबट, सापासारखे वळवळणारे छोटे मासे. त्याने ते जिवंतच डब्यात टाकले, वरून फडकं घातलं आणि इकडेतिकडे बघत लव्हाळ्यांमधल्या पायवाटेने निघाला.

"ए," झिवा हळूच म्हणाला. "त्याने मांबा घेतले."

"मग?"

"मग काय? मांबा मासा आमचं देवक आहे. आमच्या कुळात कुणी तो खात नाही. उपाशी मरेल, पण खाणार नाही. माझ्या आजोबांनी एकदा नुसता वास आला म्हणून लग्नाचं जेवण सोडलं होतं."

"घरच्या पाहुण्यांसाठी घेतला असेल."

"आमच्या घरात तो शिजतच नाही. भांडं बाटतं. आणि चांगले मोठे मासे सोडून हे बोटभर कुणासाठी?"

इत्सुकी एकदम उठून उभा राहिला. "बुल्वे," तो म्हणाला. "त्याचं आवडतं खाणं. पिल्लाला छोटे देतात."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मघाचं भांडण कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

पायवाट ओली होती, दोन्ही बाजूंना डोक्याच्याही वर गेलेली लव्हाळी. मुबिरूच्या चपलांचा फतक-फतक आवाज ऐकत तिघं मागोमाग गेली. थोड्या वेळाने मुबिरू मोकळा डबा घेऊन परत येताना दिसला, तशी तिघं चिखलात आडवी पडली. त्याची चप्पल इत्सुकीच्या बोटांपासून वीतभरावरून गेली.

पुढे मासे धुरावर सुकवायची एक जुनी झोपडी होती. चूल थंड होती, पण आतून आवाज येत होता. हिक्. थांबून पुन्हा हिक्. कुणाला उचकी लागावी तसा.

"बकरी आहे," झिवा म्हणाला.

इत्सुकीने मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते. "पिल्लू. भूक लागली की असं ओरडतं. मी खूप वेळा ऐकलंय, व्हिडिओत."

कुडाच्या फटीतून त्यांनी आत पाहिलं. मासेमारीच्या टोपलीखाली राखाडी लोकरीचा गोळा बसला होता. डोकं अंगापेक्षा मोठं, चोच अजून धड सावरता येत नव्हती. आतल्या उकाड्याने ते तोंड उघडून धापा टाकत होतं.

झिवाने फोन फटीला लावला आणि फोटो काढला. पण तो एक गोष्ट विसरला होता. लख्खकन फ्लॅश पडला.

"कोण आहे रे तिकडे?"

झोपडीमागून कोयता घेतलेला एक दांडगा माणूस धावत आला. नाब्बोसा आणि इत्सुकी लव्हाळ्यांत घुसली. झिवाची मात्र कॉलर त्याच्या हातात सापडली. माणसाने फोन हिसकावला आणि लांब पाण्यात भिरकावून दिला. डुबुक असा आवाज झाला आणि सगळा पुरावा तळाशी गेला.

"चल मुबिरूकडे," तो गुरगुरला. "गाडी येऊन पिल्लू घेऊन जाईपर्यंत तुझं तोंड कसं बंद ठेवायचं ते तोच सांगेल."

लव्हाळ्याच्या पात्यांनी नाब्बोसाचे हात कापले होते, पण ती जागची हलली नाही. पावलं दूर गेल्यावर इत्सुकी कुजबुजला, "आपण पिल्लू उचलून नेऊ?"

"नको. हातात पिल्लू दिसलं, की चोर आपणच ठरू. ते नावाडी आपल्यावर आधीच खार खाऊन आहेत." ती विचार करू लागली. मोठी माणसं आपल्यावर विश्वास ठेवणार नव्हती. पण ती एकमेकांना तर ओळखत होती. "त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायला हवं. चल."

धक्क्यावर पोचल्यावर नाब्बोसा थेट नाल्वोगासमोर गुडघे टेकून बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मावशी, तुम्ही मुबिरूंना मांबा विकलात. त्यांच्या घरी मांबा कोण खातं?"

नावाड्यांनी माना वळवल्या. एक म्हातारा होडीवरून खाली उतरला. "काय बोलतेस पोरी? मुबिरू मांबा कुळाचा आहे. वाटेल तो आळ घेशील?"

"आळ नाही आजोबा. विचारतेय."

नाल्वोगा काही बोलणार, एवढ्यात मुबिरू आणि तो कोयतेवाला झिवाला फरपटत घेऊन आले. "हे पोरगं माझ्या झोपडीत चोरी करत होतं," मुबिरू म्हणाला. " टाका यांना गाडीत आणि हाकला."

"चोरी करायला झोपडीत आहे काय?" नाल्वोगाने विचारलं. तिचा आवाज मघासारखाच कडक होता, पण आता रोख बदलला होता. "धुरावर सुकवायला मासे नाहीत म्हणून झोपडी बंद केली म्हणालास ना? आणि माझ्याकडून कालपासून मांबा नेतोस, ते कुणाला घालतोस?"

"पाहुण्यांना," मुबिरू म्हणाला.

"मग घरी चला ना काका," झिवा म्हणाला. "कुळातला पोरगा आहे मी. तुमच्या चुलीवर मांबा शिजतो का, एकदा बघू दे. नंतर आजोबांना जाऊन सांगतो."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. देवक खाल्लं म्हणावं, तर कूळ तोंडात शेण घालणार. नाही म्हणावं, तर मासे गेले कुठे? मुबिरूने टोपी काढून घाम पुसला. "शहरातली कार्टी मला जाब विचारणार? आणि तुम्ही ऐकून घेताय?" तो ओरडला. दोन नावाडी पुन्हा त्याच्या बाजूने सरकले. एकाने नाब्बोसाचा दंड धरला.

तेव्हा इत्सुकी पुढे आला. सकाळपासून त्याने कुणा मोठ्या माणसाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. त्याने होडीतल्या दोन आखूड फळ्या उचलल्या आणि एकमेकींवर वाजवू लागला. आधी सावकाश, मग भराभर. खडखडखडखड. मोठा बुल्वे घरट्यावर उतरताना चोच वाजवतो, अगदी तसंच. नावाड्यांचे हात आपोआप थांबले. जन्मभर ऐकलेला आवाज होता तो.

इत्सुकी थांबला. धक्का चिडीचूप झाला.

आणि लव्हाळ्यांपलीकडून, झोपडीच्या दिशेने, बारीक आवाज आला. हिक्. हिक्. हिक्.

म्हाताऱ्याने मुबिरूकडे नुसतं बघितलं. "घोरपडीने खाल्लं म्हणालास," तो म्हणाला, "आणि आमच्या पोरांच्या तोंडचा घास काढून आळ या चिमुकल्यांवर ढकललास."

मग मात्र सगळा धक्काच झोपडीकडे धावला. मुबिरूचा दांडगा साथीदार उलट दिशेने, रस्त्याकडे पळाला, कारण पिल्लू न्यायला येणारी पांढरी गाडी लांबून दिसत होती. नाब्बोसाच्याही ती नजरेला पडली. ती टॅक्सीपाशी धावली आणि मामांच्या तोंडावरचं वर्तमानपत्र ओढलं.

"मामा, टॅक्सी रस्त्यात आडवी घाला."

"का? निघायचं का?"

"आधी घाला. मग विचारा."

अर्धवट झोपेत मामांनी गाडी सुरू केली, वळवली आणि बरोबर रस्त्याच्या मधोमध ती बंद पडली. दोन्ही बाजूंना दलदल. पांढरी गाडी मागे वळायला गेली आणि चाकं चिखलात रुतली. नावाड्यांनी तिला वेढा घातला. मामा डोळे चोळत म्हणाले, "मी काय केलं?"

"आयुष्यात पहिल्यांदा कामाचं काहीतरी," झिवा म्हणाला.

नावाड्यांनी कळवल्यावर दुपारी वन्यजीव खात्याची माणसं आली. मुबिरूला, त्याच्या साथीदाराला आणि गाडीवाल्यांना त्यांनी नेलं. पिल्लू तपासून अधिकारीण बाई म्हणाल्या, "घरटं शाबूत आहे, आईबाप जवळच फिरतायत. अजून उशीर झालेला नाही. पण आणखी एक रात्र त्या उकाड्यात हे जगलं नसतं." मग त्यांनी मुलांकडे वळून विचारलं, "मागच्या होडीत गप्प बसाल?"

नाब्बोसा आणि झिवाने एकाच वेळी मान डोलावली.

म्हाताऱ्याने स्वतः होडी हाकली. लांबूनच त्यांनी पाहिलं. पुढच्या होडीतून पिल्लू तरंगत्या घरट्यावर ठेवलं गेलं आणि होडी मागे सरली. बराच वेळ काही झालं नाही. झिवाने इत्सुकीचा हात कधी धरला ते त्यालाही कळलं नाही. मग लव्हाळी हलली. राखाडी आई एकेक पाऊल टाकत बाहेर आली, पिल्लाला न्याहाळलं, वाकून मोठ्या चोचीत पाणी भरलं आणि तापलेल्या लेकराच्या अंगावर हळूहळू ओतलं.

धक्क्यावर परतल्यावर नाल्वोगाने एका पानावर मोठा भाजलेला मासा त्यांच्यापुढे आदळला. "तिलापिया आहे," ती झिवाला म्हणाली. "तुझं देवक नाही. खा. आगाऊ आहात तिघंही. पण एवढ्या बुजुर्गांच्या धक्क्यावर डोळे उघडे होते ते तुमचेच."

"आणि कान या पोराचे," म्हाताऱ्याने इत्सुकीच्या डोक्यावर हात ठेवला. "आज त्याने आम्हाला आमच्याच दलदलीचा आवाज ऐकवला."

झिवाने ते इंग्रजीत सांगितलं. सगळं, एकही शब्द न गाळता. इत्सुकीने उठून म्हाताऱ्याला कमरेत वाकून नमस्कार केला. झिवा उठला आणि त्याच्या शेजारी उभा राहून तसाच वाकला.