लेथवरची पूजा

“त्या हातांनी नैवेद्याला शिवू नकोस!”

विश्वेश्वरशास्त्री सोवळ्यातच पाटावरून उठले आणि ईशानीचे ताटाकडे गेलेले हात जागच्या जागी थिजले... किती घासले होते तिने ते! तरी नखांच्या कडेला आयटीआयमधल्या लेथचं काळं तेल उरलंच होतं. लेकीला संस्कृतची आचार्य करायची म्हणून काशीतल्या पंचगंगा घाटावरच्या या मराठी पुरोहिताने लहानपणापासून तिच्याकडून सूक्तं घोकून घेतली होती आणि तिने मात्र कॉलेज अर्ध्यावर टाकून टर्नर व्हायचं, लेथ यंत्रावर लोखंड कापायला शिकायचं ठरवलं! गल्लीत कोणी विचारलंच, तर शास्त्रीबुवा अजूनही ‘संस्कृत शिकते’ असं ठोकून देत. ईशानीला सगळ्यात जास्त लागे ते हेच.

आज मात्र आईचा, सीताबाईंचा बांध फुटला.

“अहो, तुमचा आवाज बसला, पूजेचे यजमान तुटले, म्हणून कॉलेज सोडलं हो तिने! लवकर नोकरी लागेल म्हणून! तुमच्या जिवाला लागू नये म्हणून ‘मला मशीनच आवडतं’ म्हणाली पोर... आणि तुम्ही वर्षभर तिच्याशी धड बोलला नाहीत!”

“आई, गप्प बस ना!” ईशानी कळवळली. “अण्णा, तेव्हा ते झूठ होतं. पण आता सच में आवडतं हो! गंजकं लोखंड माझ्या हाताखाली चकचकीत होतं ना, तेव्हा फार भरून येतं...”

शास्त्रीबुवा बाहेर निघून गेले.

पुढच्याच आठवड्यात आयटीआयमध्ये यंत्रांची विश्वकर्मा पूजा आली. वर्कशॉपमधली यंत्रं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालून सजली होती आणि पूजा सांगायला आत आले ते... अण्णा! नेहमीच्या पंडितजींकडून त्यांनी आजची पूजा मागून घेतली होती. निळ्या कपड्यांतल्या मुलांमध्ये उभ्या असलेल्या ईशानीला आपल्या डोळ्यांवर विश्वासच बसेना!

ईशानीच्या लेथपुढे बसून त्यांनी पुरुषसूक्त सुरू केलं, आणि मध्येच तो बसलेला आवाज तुटला. मुलं एकमेकांकडे बघू लागली. तेव्हा ईशानी पुढे झाली आणि ते थांबले होते नेमकं तिथून तिने सूक्त उचललं... स्वच्छ, खणखणीत, एकही स्वर न चुकवता! शास्त्रीबुवा हात जोडून ऐकत राहिले. डोळे वाहत होते, पण त्यांनी ते पुसले नाहीत.

पूजा आटोपली. वर्कशॉपचे मिश्रा मास्तर चकित होऊन म्हणाले, “पंडितजी, ईशानी आपकी कौन लगती है?”

शास्त्रीबुवांनी लेकीचा हात घट्ट धरला आणि फाटक्या आवाजात, पण साऱ्या वर्कशॉपला ऐकू जाईल असं म्हणाले,

“हमारी बेटी है। टर्नर है!”