दुखणं माझं, नियम डॉक्टरांचे

बर्फ घातलेल्या तेरेरेचं, म्हणजे पाल्याच्या थंडगार चहाचं, पात्र माझ्यापुढे आलं, आणि मी ते घेतलंच नाही.

अरेग्वा गावातल्या त्या कुंभारकारखान्यात माझा पहिलाच दिवस होता. सकाळच्या सुट्टीत सगळे गोल करून बसलेले. एकच पात्र, एकच नळी, हातोहात फिरणारी. तिथे नको म्हणणं म्हणजे तुमचं उष्टं मला चालत नाही, असं तोंडावर सांगणं. पात्र पुढे करणारा डेर्लिस, कोपरापर्यंत मातीने माखलेला, बघतच राहिला.

“बाईसाहेब, विष नाही, पुदिनाच घातलाय!”

“मग तुम्हीच प्या ना… दुप्पट.”

त्या दिवसापासून तो मला चिडवायचा. मी मडक्यांवर फुलं रंगवायची, आणि त्याची नजर पाठीला जाणवली की पाकळी हमखास वाकडी व्हायची. संध्याकाळी तळ्याकडे फिरता फिरता आम्ही ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आलो. मग त्याने मला रविवारी घरी जेवायला बोलावलं. मी हो म्हणाले… आणि गेलेच नाही.

सोमवारी त्याने चिडवलं नाही.

“आईने शेजारून खुर्च्या मागून आणल्या होत्या, झुनिल्दा. माझ्या मातीच्या हातांची किळस येते, हे सरळ सांगायचंस. मी वेड्यासारखा रोज साबणाने घासत बसतो!”

मला रडूच आलं. रागही आला.

“हात नाही रे, माझं पोट! कधी सलग आठवडाभर पीळ पडतो, कधी महिनाभर काहीच नाही. डॉक्टर म्हणतात, दर आठवड्याला दुखलं तरच तो आतड्याचा आजार. तुझं दुखणं त्या नियमात बसत नाही, म्हणे. घरचे म्हणतात, ढोंग. आता दुखण्याला मी वेळापत्रक लावून देऊ?”

“पहिल्याच दिवशी का नाही बोललीस?”

“पहिल्या भेटीत कुठली मुलगी संडासाच्या गोष्टी करते?”

त्याला हसू फुटलं. मी मात्र ठाम होते.

“ऐक, मी कुठूनही अर्ध्यातून उठेन. हे कधी थांबेल, मला माहीत नाही. मी बरी होण्याची वाट बघणार असशील तर… आत्ताच जा.”

तो गेला नाही. “या रविवारी येशील?” एवढंच त्याने विचारलं.

“येईन. पण आईंना कारण मीच सांगणार. सगळ्यांसमोर.”

रविवारी जेवायला बसण्याआधीच सांगितलं. एका दमात, शेवटपर्यंत. त्याच्या मावश्या एकमेकींकडे बघू लागल्या. त्याची आई म्हणाली, “मग दाराजवळच्या खुर्चीवर बस, पोरी. उठायला सोपं.”

आणि जेवण अर्ध्यावर असताना खरंच पीळ पडला. मी उठले. बऱ्याच वेळाने बाहेर आले, तर अंगणात डेर्लिस उभा.

“दुखतंय?”

“हो.”

“माझं तुझ्यावर प्रेम आहे.”

“हे आत्ता सांगतोस? संडासाच्या दारात?”

“तूच म्हणालीस ना, बरी होण्याची वाट बघू नकोस…”

पोट दुखतच होतं. तशीच मी म्हणाले, “माझंही आहे.”