मेहुण्याच्या हातचा दोर

२००३ च्या हिवाळ्यात आम्ही तिघं धसईच्या वरच्या कड्यावर गेलो, ते एक मेलेलं गिधाड आणायला. त्याच वर्षी पावसाळ्यात माझी बायको गंगी वारली होती. घरात बसवत नव्हतं, म्हणून मी हो म्हणालो.

समीक्षाताई पुण्याहून गिधाडांवर संशोधन करायला आली होती. आमच्याकडे ढोर मेलं की माळावर टाकतात, गिधाडं ते साफ करतात. पण गिधाडं कमी होत चालली होती, आमच्याकडेच नाही, देशभर. ढोरांना टोचतात त्या एका औषधावर संशय होता.

"इथल्या पक्ष्याच्या अंगात ते सापडलं ना राघोदादा, तर औषध बंद करा म्हणून ठासून सांगता येईल," ती म्हणाली. "पण आजच हवं. उद्या कुजेल."

दुर्बिणीतून तो पक्षी दिसला होता. उभ्या कड्याच्या मध्यावर, कपारीत. तिथे माझ्यासारखा मध काढणाराच उतरू शकतो, आणि मध काढणाऱ्याचा दोर आमच्यात मेहुण्यानेच धरायचा. सख्ख्या भावानेही नाही. भाऊ जमिनीसाठी दोर सोडेल, पण बायकोचा भाऊ आपल्या बहिणीचं कुंकू पुसणार नाही.

माझा मेहुणा चांगो झाडाला दोराचा वेढा घालत होता. वाटेत तो गंगीचं नावही बोलला नव्हता. मला वाटलं, आता कुंकूच उरलं नाही. हा दोर कुणासाठी धरणार?

समीक्षाताई मदतीला पुढे झाली.

"तुमी लांब बसा गो," चांगो म्हणाला. "तुमी धरलात तर दाजी यष्टीच्या आधी धसईला पोचतील!"

मी उतरलो. अर्ध्यात पायाखालचा दगड निसटला! मी हवेत गरकन फिरलो. खांदा कातळावर आपटला. वर दोर करकरला.

"चांगो!"

"धरलाय! हलू नका दाजी!"

दोर थांबला. मी कपारीवर पाय टेकले.

मेलेलं गिधाड समोरच होतं. पण त्याला खेटून दुसरं बसलं होतं. जिवंत! पोटाखाली अंडं, आणि मेलेल्याचा पंखही त्याच्याच खाली अडकलेला. ओढला तर हे उडणार, आणि वर अंड्यासाठी कावळे टपलेले. मी हात पुढे केला. ते फुसफुसलं, पण जागचं हललं नाही.

मी हात मागे घेतला.

रिकाम्या हातांनी वर आलो आणि काय झालं ते सांगितलं. समीक्षाताई रागावली नाही. खाली बसली.

"एकट्याने अंडं निभत नाही, दादा. दोघं आळीपाळीने बसतात. ते भुकेने उठेलच कधीतरी."

"पुन्हा उतरतो."

चांगोने दोर दाखवला. कडेला घासून त्याचा एकच पीळ उरला होता. "नाय. आता नाय."

त्याच्या तळहातांची सालटी निघाली होती.

"सोडला असतास तरी तुला कोण काय बोलणार होतं?" मी म्हणालो. "बहीण तर गेली तुझी."

"बहीण गेली. तुमी हाव ना?" तो म्हणाला आणि दोर गुंडाळू लागला.

पुढे इतर ठिकाणच्या पक्ष्यांवरून ते सिद्ध झालं, औषधावर बंदी आली. त्यात आमच्या कड्याचा काही वाटा नाही. आठवड्याभरात दुर्बिणीतून कपार रिकामी दिसली; अंडं वाचलं नाही आणि पुरावाही हाती आला नाही. गंगी असती तर तिने मला काय सांगितलं असतं, हे मला अजून ठरवता येत नाही.

दर हिवाळ्यात आम्ही दोघं समोरच्या डोंगराच्या सोंडेवर जातो, गिधाडं परत आली का ते बघायला. चांगोची नजर माझ्यापेक्षा चांगली. तो कपाळावर हात धरून कपारीकडे बराच वेळ बघतो.

"नाय दाजी," तो म्हणतो. "अजून नाय."